प्रेमचंद रायचंद

प्रेमचंद रायचंद (इ.स. १८३१ – इ.स. १९०६) हे मुंबईतील कापूस व शेअरबाजारातील दलाल, व्यापारी आणि दानशूर गृहस्थ होते. १८६३ ते १८६५ या काळात मुंबईत उसळलेल्या सट्ट्याच्या लाटेचे ते प्रमुख सूत्रधार मानले जातात. त्या लाटेच्या ओसरण्यात त्यांची स्वतःची संपत्तीही नष्ट झाली. मुंबई विद्यापीठातील राजाबाई मनोरा त्यांच्या देणगीतून उभा राहिला.

प्रारंभिक जीवन

प्रेमचंद यांचा जन्म सुरत येथे एका जैन कुटुंबात झाला. त्यांच्या लहानपणीच हे कुटुंब मुंबईस स्थलांतरित झाले. त्यांना इंग्रजी शिक्षण मिळाले. १८४९च्या सुमारास ते एका दलालाच्या हाताखाली कामास लागले. इंग्रजी लिहू-वाचू शकणारे ते पहिले देशी दलाल होते, असे सांगितले जाते. युरोपीय पेढ्या व बँकांशी त्यांना थेट व्यवहार करता येई आणि याचा त्यांना मोठा लाभ झाला.

कापूस आणि शेअरचा सट्टा

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाल्याने इंग्लंडमधील गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला व त्यांची मागणी भारताकडे वळली. कापसाचे भाव कित्येक पटींनी वाढले आणि मुंबईत पैशाचा पूर आला. या पैशाला वाट मिळावी म्हणून बँका, वित्तसंस्था आणि समुद्र हटवून जमीन तयार करणाऱ्या कंपन्या भराभर निघाल्या. बॅकबे रिक्लमेशन कंपनीचा ५,००० रुपयांचा शेअर सुमारे ५०,००० रुपयांपर्यंत चढला.

नव्या कंपन्यांचे शेअर कोणाला मिळावेत, हे बहुतांशी प्रेमचंद यांच्या शब्दावर ठरे. त्यामुळे श्रीमंत व्यापाऱ्यांपासून सामान्य कारकुनांपर्यंत अनेक जण त्यांची मर्जी संपादन करू पाहत. शेअर तारण ठेवून कर्ज घ्यावे, त्या कर्जातून पुन्हा शेअर घ्यावेत, असे चक्र चालू होते.

बँक ऑफ बॉम्बे आणि पतन

बँक ऑफ बॉम्बेमध्ये सरकारचे भांडवल होते व काही संचालक सरकारनियुक्त होते. १८६३च्या कायद्याने बँकेवरील कर्जवाटपाची बंधने सैल झाली. बँकेच्या चिटणिसांवर प्रेमचंद यांचा मोठा प्रभाव होता. त्यांच्या शिफारशीवर अपुऱ्या तारणाची मोठमोठी कर्जे दिली गेली.

एप्रिल १८६५मध्ये अमेरिकेतील युद्ध संपत आल्याचे निश्चित झाले आणि कापसाचे भाव कोसळले. १ जुलै १८६५ रोजी वायद्याचे असंख्य सौदे पुरे करावयाचे होते. त्या दिवशी देणेकऱ्यांपाशी पैसा नव्हता. एकाची थकबाकी दुसऱ्याच्या दिवाळखोरीस कारण ठरली. पुढे प्रेमचंद यांची पेढीही बुडाली. जमशेटजी टाटा यांचे वडील नसरवानजी यांनाही या संकटाची झळ बसली. १८६८मध्ये बँक ऑफ बॉम्बे गुंडाळावी लागली. ज्यांनी सट्टा केला नव्हता अशा भागधारकांचेही पैसे त्यात बुडाले. त्याच वर्षी नेमलेल्या चौकशी आयोगाने संचालकांची हयगय व चिटणिसांचा गैरकारभार यांवर ठपका ठेवला. प्रेमचंद यांना दिलेली कर्जे या चौकशीत ठळकपणे पुढे आली.

दानधर्म

भरभराटीच्या काळात, १८६४मध्ये, प्रेमचंद यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी २ लाख व मनोऱ्यासाठी २ लाख रुपये दिले. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव देण्यात आले. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केलेला हा मनोरा १८७८मध्ये पूर्ण झाला. दृष्टी गमावलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ कळावी म्हणून त्यात घंटा बसवल्याची आख्यायिका आहे. कलकत्ता विद्यापीठातील प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्तीही त्यांच्याच देणगीतून सुरू झाली.

उत्तरायुष्य

पतनानंतर प्रेमचंद यांनी दलालीचा व्यवसाय पुन्हा सुरू केला, परंतु पूर्वीची सत्ता त्यांना परत लाभली नाही. १८७५मध्ये मुंबईत देशी शेअर दलालांची संघटना स्थापन झाली. आजचा मुंबई शेअर बाजार हे तिचेच पुढचे रूप होय. तिच्या संस्थापकांत प्रेमचंद यांची गणना होते. १९०६मध्ये त्यांचे निधन झाले.

मूल्यमापन

प्रेमचंद यांच्याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. काही जण त्यांना मुंबईच्या भांडवल बाजाराचे आद्य शिल्पकार मानतात, तर काही जण सार्वजनिक बँकेच्या नाशाची मोठी जबाबदारी त्यांच्यावर टाकतात. त्यांनी विद्यापीठांना दिलेला पैसा मात्र त्यांच्या पतनानंतरही शिक्षणाच्या कामी आला.