विश्लेषण : मलिक अंबरने वसवलेल्या शहरात पार्किंगचा पेच का सुटत नाही?

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडी, पैठण गेट, औरंगपुरा किंवा सिटी चौकात सणासुदीला चारचाकी घेऊन जाणारा माणूस खरेदीपेक्षा जास्त वेळ जागा शोधण्यात घालवतो. नो पार्किंगच्या पाट्या लागतात, टोइंगची गाडी फिरते, पे अँड पार्कची चर्चा होते आणि काही दिवसांत रस्ता पुन्हा दोन्ही बाजूंनी भरतो. दोष मात्र बहुतेक वेळा चारशे वर्षांपूर्वीच्या अरुंद गल्ल्यांवर ढकलला जातो. हे शहर ज्याने वसवले तो मलिक अंबर कोण होता, त्याने शहराची घडी कशी बसवली आणि आजच्या कोंडीत त्याचा वाटा किती?

मलिक अंबर कोण होता?

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे मानले जाते. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा मोखा, बगदाद अशा बाजारांतून हातोहात फिरला. बगदादच्या मीर कासिम या धन्याने त्याला शिक्षण दिले आणि अंबर हे नावही. १५७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान हा स्वतःही एकेकाळचा हबशी गुलामच. त्यामुळे गुलामीतून राज्याच्या कारभारापर्यंत जाणारी वाट अंबरला आपल्या धन्याच्याच घरात दिसली.

चंगेजखानाच्या मृत्यूनंतर अंबर मुक्त झाला. काही वर्षे त्याने विजापूरच्या आदिलशाहीत नोकरी केली, मलिक हा किताब मिळवला आणि १५९५ च्या सुमारास तो निजामशाहीत परतला. पाचच वर्षांत, १६०० मध्ये, अकबराच्या फौजांनी अहमदनगरचा किल्ला जिंकला. राज्य संपले असे मोगलांना वाटले. अंबरने मात्र निजामशाही घराण्यातील एका तरुणाला दुसरा मुर्तजा म्हणून परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले आणि आपली मुलगी त्याला दिली. स्वतः तो कधीच सुलतान झाला नाही, पण पुढची सुमारे २५ वर्षे निजामशाही म्हणजे अंबर असेच समीकरण राहिले.

खडकीचीच निवड का?

मोगलांच्या दडपणामुळे राजधानी हलती ठेवावी लागली. परांडा, मग जुन्नर, मग दौलताबादचा परिसर. दौलताबादचा किल्ला अभेद्य होता, पण किल्ल्यात राजधानी मावत नाही. म्हणून १६१० मध्ये अंबरने किल्ल्यापासून जवळच, खाम नदीकाठच्या खडकी या गावी नवे नगर वसवायला घेतले. गावाचे नावच जमिनीचा स्वभाव सांगणारे होते. खडकाळ जागेत हजारो माणसे, घोडे आणि बैल जगवायचे तर पहिला प्रश्न पाण्याचा.

त्यावरचे उत्तर म्हणजे नहर-ए-अंबरी. उत्तरेकडील हर्सूलच्या बाजूचे भूजल जमिनीखालच्या बांधीव मार्गाने आणि खापरी नळांनी शहरात आणण्यात आले. कुठेही पंप नाही, सारा खेळ उताराचा. हवा बाहेर पडावी आणि गाळ काढता यावा म्हणून मध्ये मध्ये उच्छ्वास ठेवलेले. आजच्या अभियंत्यालाही लेव्हलिंगचा हा हिशेब विचारात पाडतो. (पर्यटक हमखास गल्लत करतात ती पाणचक्की मात्र अंबरची नव्हे, ती त्याच्या नंतरची.) पुढच्या राज्यकर्त्यांनी आणखी नहरी बांधल्या, पण मूळ कल्पना अंबरचीच.

शहराची घडी कशी होती?

१६१२ मध्ये मोगलांवरील विजयाची आठवण म्हणून भडकल दरवाजा उभा राहिला. नौखंडा महाल, मशिदी, बाजार उभे राहिले. सरदारांनी आपापल्या लवाजम्यासह पुरे वसवले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या मराठा सरदारांवरून पडल्याचे सांगितले जाते. पुरा म्हणजे नुसती वसाहत नव्हे. राहणे, काम आणि रोजचा बाजार पायी अंतरावर ठेवणारा तो मोहल्ला होता. घोडा असलाच तर तो पागेत बांधायचा, दुकानासमोर दिवसभर उभा ठेवायचा नाही.

इथे एक दुरुस्ती आवश्यक आहे. बावन्न दरवाजांच्या शहराचे सगळे श्रेय अंबरला देण्याची पद्धत आहे. प्रत्यक्षात शहराभोवतीचा तट आणि त्यातील मुख्य दरवाजे औरंगजेबाच्या काळातील, १६८२ च्या सुमाराचे. ते संरक्षणासाठी होते, म्हणून वाट मुद्दाम आवळलेली. दरवाजात वाहने अडकतात तेव्हा दरवाजा आपले मूळ कामच करत असतो.

लढवय्या अंबर

अंबरची खरी ओळख रणांगणावरची. मोगल फौज म्हणजे हत्ती, तोफा, तंबू, बाजारबुणगे यांचे चालते शहर. अशा फौजेशी समोरासमोर भिडण्याऐवजी तो हलक्या मराठा घोडदळाला पुढे करी, रसद तोडी आणि डोंगर-घाटांत तिला अडकवी. या गनिमी काव्यात मालोजी भोसले आणि पुढे त्यांचे पुत्र शहाजीराजे यांनी त्याच्या बाजूने तलवार गाजवली. जमिनीची प्रतवारी करून महसूल ठरवण्याची त्याची पद्धतही महाराष्ट्रात दीर्घकाळ आदर्श मानली गेली.

जहांगीर बादशहाचा त्याच्यावर इतका राग होता, की १६१६ च्या सुमारास दरबारी चित्रकार अबुल हसन याने बादशहा अंबरच्या मस्तकावर बाण सोडत असल्याचे चित्र काढले. ते आज डब्लिनच्या चेस्टर बीटी ग्रंथालयात आहे. प्रत्यक्षात ते मस्तक मोगलांच्या हाती कधीच लागले नाही.

शहराला मात्र किंमत मोजावी लागली. १६१६ मध्ये जालन्याजवळ रोशनगावला अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी जाळली. १६२१ मध्ये शाहजहानच्या फौजेने ती पुन्हा उद्ध्वस्त केली. दोन्ही वेळा ती पुन्हा उभी राहिली. वयाच्या पंचाहत्तरीत, १६२४ मध्ये, अंबरने भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्रित फौजेला धूळ चारली. तलावाचा बांध फोडून त्याने शत्रूची छावणी चिखलात रुतवली होती. मे १६२६ मध्ये त्याचे निधन झाले. खुलताबादला त्याची कबर आहे. त्याचा मुलगा फतेहखान याने शहराला फतेहनगर नाव दिले, १६५३ मध्ये ते औरंगाबाद झाले आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर.

मग गाड्या आल्या कुठून?

चारशे वर्षांत नाव तीनदा बदलले, जुन्या शहराचा गाभा फारसा नाही. बदलली ती वाहने. या शहराचे वाहनांशी नाते तसे विशेष आहे. वाळूजला १९८५ पासून बजाज ऑटोचा कारखाना आहे, शेंद्र्याला २००१ पासून स्कोडाचा. ऑक्टोबर २०१० मध्ये शहरातील उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन सुमारे ६५ कोटी रुपयांच्या १५० मर्सिडीज एकदमच खरेदी केल्या. देशभर त्याची बातमी झाली. त्या गाड्या उभ्या कुठे राहणार, हा प्रश्न त्या कौतुकात फारसा कोणी विचारला नाही. सार्वजनिक वाहतूक मात्र दीर्घकाळ काळी-पिवळी रिक्षा आणि शेअर रिक्षांच्याच खांद्यावर राहिली. स्मार्ट सिटी योजनेतील माझी बस आली ती २०१९ मध्ये.

अरुंद गल्ली हेच कोंडीचे कारण असते, तर रुंद रस्ते मोकळे असायला हवे होते. जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स असे उड्डाणपूल झाले, तरी कोंडी आहे. सिडकोचा कॅनॉट प्लेस तर आखीव वसाहतीतला बाजार, अंबरशी त्याचा काडीचा संबंध नाही. तिथेही संध्याकाळी गाडी लावायला जागा मिळत नाही. म्हणजे अडचण गल्लीच्या मापाची कमी आणि प्रत्येक कामाला गाडी काढण्याच्या सवयीची जास्त आहे. जुन्या मोंढ्याचा घाऊक व्यापार जाधववाडीला हलला, ते योग्यच झाले. पण किरकोळ बाजार असा उचलून नेता येत नाही. तो गर्दीवरच जगतो.

नो पार्किंगचा नियम काय सांगतो?

मोटार वाहन कायद्याच्या कलम ११७ नुसार वाहने उभी करण्याच्या जागा राज्य सरकार किंवा त्याने नेमलेले प्राधिकरण स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवते. कलम १२७ नुसार मनाई असलेल्या ठिकाणी लावलेले वाहन उचलून नेण्याचा किंवा त्याला जॅमर लावण्याचा आदेश गणवेशातील पोलीस अधिकारी देऊ शकतो. म्हणजे जागा दाखवणे आणि मनाई करणे ही दोन्ही कामे एकत्र व्हायला हवीत. प्रत्यक्षात मनाई लवकर होते, जागा उशिरा दाखवली जाते. एका रस्त्यावर पट्टे मारले की गाड्या शेजारच्या गल्लीत सरकतात आणि रुग्णवाहिकेची किंवा अग्निशमन बंबाची वाट तिथे अडते.

व्यापाऱ्यांची भीती अशी, की गाडी बंद झाली की गिऱ्हाईक बंद होईल. ती खोटी नाही, पण हिशेब तपासून पाहण्यासारखा आहे. एका कारच्या पार्किंगला साधारण अडीच बाय पाच मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर जागा लागते. दुचाकीला एक बाय दोन मीटर. एका कारच्या जागेत सहा दुचाकी बसतात. आता समजा, ती कार खुद्द दुकानदाराची आहे आणि सकाळी दहापासून रात्री आठपर्यंत दुकानासमोर उभी आहे. दर अर्ध्या तासाला गाडी बदलली असती, तर त्याच जागेवर दिवसभरात वीस कारवाले किंवा एकशे वीस दुचाकीवाले गिऱ्हाईक येऊन गेले असते.