पत्रांच्या जुडीचे संपादक : अब्राहाम काहान

घरातले दुःख उंबरठ्याबाहेर जाऊ द्यायचे नाही, ही शिकवण आपल्या वाडवडिलांनी कुलाबा जिल्ह्यातून मुंबईला नेली आणि आपण ती मुंबईहून अमेरिकेत आणली. आपल्याआधी ह्या देशात आलेल्या पूर्व युरोपातील ज्यू बांधवांचीही रीत अशीच होती. त्यांना आपले मन मोकळे करायला जागा दिली ती न्यूयॉर्कच्या एका संपादकाने. त्यांचा परिचय आपल्या वाचकांना व्हावा म्हणून हा लेख.

अब्राहाम काहान यांचा जन्म ७ जुलै १८६० रोजी विल्ना शहराजवळच्या एका खेड्यात झाला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज तो लिथुआनियात आहे. वडील मुलांना हिब्रू शिकवीत. अब्राहाम यांनी विल्नाच्या ज्यू अध्यापक विद्यालयातून शिक्षण पुरे केले आणि १८८१ साली शिक्षकाची नोकरी धरली. त्याच वर्षी झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली व क्रांतिकारकांची धरपकड सुरू झाली. काहान यांची अशा मंडळींत ऊठबस होती. पोलिसांचा ससेमिरा चुकवून ते निघाले आणि जून १८८२ मध्ये अमेरिकेत उतरले. तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते.

न्यूयॉर्कात त्यांनी प्रथम सिगारच्या कारखान्यात काम केले. इंग्रजी यावे म्हणून हा शिकलेला मास्तर काही महिने लहान मुलांच्या शाळेत बाकावर बसला! पुढे तेच रात्रीच्या वर्गात नव्याने आलेल्या कामगारांना इंग्रजी शिकवू लागले. १८९६ साली त्यांची ‘येक्ल’ ही इंग्रजी कादंबरी निघाली. अमेरिकेत येऊन बदललेला नवरा आणि मागाहून आलेली जुन्या वळणाची बायको यांची ती कथा आहे. १९७५ चा ‘हेस्टर स्ट्रीट’ हा चित्रपट तिच्यावरूनच काढला.

१८९७ साली ‘फॉरव्हर्ट्स’ हे यिद्दिश दैनिक निघाले. काहान त्याचे पहिले संपादक, पण काही महिन्यांतच मतभेद होऊन ते बाहेर पडले आणि एका इंग्रजी दैनिकाचे बातमीदार झाले. पोलीस चौक्या, कोर्टे, चाळी यांतून हिंडताना माणसांची दुःखे त्यांनी जवळून पाहिली. नंतर ते ‘फॉरव्हर्ट्स’मध्ये परतले आणि तेथे चाळीस वर्षांहून अधिक काळ संपादक राहिले. १९०३ साली एका बापाने तक्रार केली की मुलगा बेसबॉलच्या वेडापायी बिघडत चालला आहे. काहान यांनी सल्ला दिला की अभ्यास सांभाळून मुलांना जरूर खेळू द्या, नाहीतर ती आपल्याच जन्मभूमीत परकी होतील.

जानेवारी १९०६ मध्ये त्यांच्या चिटणिसाने तीन पत्रे पुढे ठेवली. ती कोणत्याच सदरात बसत नव्हती, कारण त्यांत राजकारण नव्हते, घरगुती दुःख होते. काहान यांनी २० जानेवारीला त्यांसाठी नवे सदर काढले. त्याचे नाव ‘अ बिंटेल ब्रीफ’, म्हणजे पत्रांची एक जुडी. आरंभी उत्तरे ते स्वतः लिहीत.

मग पत्रांची रीघ लागली. काम सुटलेला नवरा, धर्माबाहेर लग्न करू पाहणारा मुलगा, आईच्या बोलीची लाज वाटणारी मुलगी, सासूसुनेचे न पटणे, जीव नकोसा झालेला एकाकी कामगार, असे सर्व त्यांत असे. ज्यांना लिहिता येत नसे ते दुसऱ्याकडून लिहून घेत. पत्राखाली पूर्ण नाव छापीत नसत. एका गरीब बाईचे घड्याळ चोरीस गेले होते. अडीअडचणीला ते गहाण टाकूनच तिचे घर चाले. तिचा संशय शेजारणीवर होता. शेजारणीचे नाव न घेता तिने छापून कळवले की गहाणाची चिठ्ठी टपालाने धाडून दे, आपली मैत्री तशीच राहील.

बायकामुलांना टाकून गेलेल्या पुरुषांची गोष्ट मात्र वेगळी होती. त्यांची नावे आणि फोटो ‘फॉरव्हर्ट्स’ उघडपणे छापी. त्या कामी १९११ साली स्थापन झालेल्या नॅशनल डेझर्शन ब्यूरो ह्या ज्यू संस्थेचे साहाय्य असे. गेटविना अडकून पडलेल्या बाईचे, म्हणजे आगुनेचे हाल काय असतात ते आपल्या वाचकांस सांगणे नको.

ह्या सदराला नावे ठेवणारेही पुष्कळ होते. घरची धुणी चव्हाट्यावर धुऊन खप वाढवतात, असे विद्वान म्हणत. काहान यांचे धर्मनिष्ठांशी पटत नसे, स्वभावही तापट होता, आणि त्यांचा प्रत्येक सल्ला बरोबरच असे असे नाही. पण १९२० नंतरच्या दशकात अंकाचा खप दोन लाखांवर गेला होता. एवढ्या घरांत ती पत्रे वाचली जात, आणि असे आपल्याच घरी घडते ही समजूत त्यामुळे दूर होई.

काहान यांना मूलबाळ नव्हते. ३१ ऑगस्ट १९५१ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी ते वारले. ‘फॉरव्हर्ट्स’चे छापील अंक २०१९ साली बंद झाले.

वाचकहो, आपल्या अंकात असे सदर चालेल काय? मला शंका वाटते. लाखो वाचकांत एखादे आद्याक्षर लपून जाते. आपली घरे मोजकी, नुसत्या गावाच्या नावावरून पेणकर कोण नि रोहेकर कोण ते आपण ओळखतो. म्हणून आपल्याला हे काम कागदावर न करता समक्षच करावे लागेल. शब्बाथच्या किद्दुशनंतर एखादी बाई मुलाच्या घटस्फोटाविषयी किंवा नवऱ्याच्या मनाच्या आजाराविषयी बोलू लागली, तर विषय बदलू नये, चहा थंड झाला तरी ऐकून घ्यावे, आणि ऐकलेले आपल्यापाशीच ठेवावे. त्या बाईने शेजारणीची अब्रू राखली, तेवढे आपल्यालाही जमावे.

शालोम.