राज कपूर : चेंबूरचा भटक्या, मॉस्कोचा पाहुणा

पृथ्वीराज कपूर यांचे ज्येष्ठ पुत्र राज कपूर यांचा जन्म १४ डिसेंबर १९२४ रोजी पेशावरला झाला. क्रमिक शिक्षणात ते रमले नाहीत. चोविशी गाठण्यापूर्वीच त्यांनी ‘आग’ (१९४८) दिग्दर्शित केला.

‘आवारा’ (१९५१) मधील त्यांचा भटक्या चार्ली चॅप्लिनच्या भटक्याचा वंशज, हे उघड आहे. १९५४ साली सोव्हिएत संघात भारतीय चित्रपटांचा महोत्सव भरला आणि ‘आवारा’ रशियन भाषेत पडद्यावर आला. तेथे त्याला सहा कोटींहून अधिक प्रेक्षक लाभले. अशा रीतीने हॉलिवुडचा भटक्या ऐन शीतयुद्धात मुंबईमार्गे मॉस्कोत पोचला! माणूस रक्ताने नव्हे, परिस्थितीने घडतो, हे ख्वाजा अहमद अब्बास यांच्या कथेतील प्रतिपादन तेथील राज्यकर्त्यांना रुचणारेच होते. परंतु महायुद्धात होरपळलेल्या सामान्य प्रेक्षकाला जिंकले ते शंकर-जयकिशन यांच्या चालींनी आणि नायकाच्या हसतमुख दारिद्र्याने, असे मला वाटते. भारताविषयीची ही आत्मीयता कोणत्याही दूतावासाने योजून निर्माण केलेली नव्हती. तिचा उगम एका खाजगी निर्मितीसंस्थेच्या व्यवसायात होता. शासनाने तिचा लाभ घेतला, तो मागाहून.

‘मेरा नाम जोकर’ (१९७०) मध्ये राज कपूर यांनी सोव्हिएत सर्कशीतील कलावंतांना स्थान दिले. स्वदेशात तो चित्रपट कोसळला आणि ते कर्जात बुडाले. ‘बॉबी’ने (१९७३) त्यांना सावरले.

दादासाहेब फाळके पुरस्कारासाठी दिल्लीस गेले असताना समारंभातच त्यांची प्रकृती ढासळली. २ जून १९८८ रोजी तेथेच त्यांचे निधन झाले.