फोकस कुठे थांबवायचा?

पहिलंवहिलं पोर्ट्रेट काढून कॉलेजच्या फोटोग्राफी क्लबमध्ये दाखवलं की पुढची दहा मिनिटं कशी जातात, हे ज्यांनी भोगलंय त्यांना वेगळं सांगायला नको. डोळे शार्प नाहीत. डोकं वरून कापलंय. मागची खिडकी चेहऱ्यापेक्षा जास्त उजळलीय. सगळे एकदम बोलतात. पण त्यातलं ऐकायचं किती आणि सोडायचं किती, हे मात्र कुणीच सांगत नाही.

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका बाईनं हे सगळं ऐकून घेतलं होतं. तेही चारचौघांत, छापील, आणि लंडनच्या फोटोग्राफिक सोसायटीच्या नियतकालिकातून. तिचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन. आडनावातच कॅमेरा असला तरी खरा कॅमेरा हातात यायला तिला वयाची ४८ वर्षं थांबावं लागलं. आज पोर्ट्रेट फोटोग्राफीचा इतिहास तिच्या नावाशिवाय लिहिला जात नाही.

कोलकात्याची मुलगी

ज्युलियाचा जन्म ११ जून १८१५ चा, कोलकात्यातला. वडील जेम्स पॅटल ईस्ट इंडिया कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, आई फ्रेंच घराण्यातली. पॅटल बहिणी त्यांच्या रूपासाठी गाजलेल्या. ज्युलियाचं नाव निघायचं ते हुशारीसाठी. तिचं शिक्षण बरंचसं फ्रान्समध्ये झालं.

१८३६ मध्ये आजारपणातून उठल्यावर हवापालटासाठी ती आफ्रिकेच्या टोकाला, केप ऑफ गुड होपला गेली. तिथं भेटलेल्या दोन माणसांनी तिचं पुढचं आयुष्य ठरवलं. एक चार्ल्स हे कॅमेरॉन, वयानं वीस वर्षांनी मोठा कायदेपंडित. १८३८ मध्ये कोलकात्यात दोघांचं लग्न झालं. भारतीय दंडविधानाचा पहिला मसुदा ज्या लॉ कमिशनमध्ये मेकॉलेच्या नेतृत्वाखाली तयार झाला, त्याचा चार्ल्स सदस्य होता. दुसरी ओळख खगोलशास्त्रज्ञ सर जॉन हर्शेल यांची. कागदावर उमटलेली प्रतिमा कायम टिकवायला लागणारं 'हायपो' हे रसायन चांदीचे क्षार विरघळवतं, हे हर्शेल यांनीच १८१९ मध्ये शोधलं होतं. फोटोग्राफी जेमतेम जन्माला आली होती, तेव्हा १८४२ मध्ये त्यांनी ज्युलियाला कोलकात्यात काही नमुने पाठवले. तिनं पाहिलेले ते पहिले फोटो. पण ते काढायची वेळ यायला अजून वीस वर्षं होती.

१८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं. १८६० मध्ये ते आयल ऑफ वाइट या बेटावरच्या फ्रेशवॉटर गावी राहायला आले. कवी टेनिसन तिथं शेजारी. घराचं नाव 'डिम्बोला', सिलोनमधल्या स्वतःच्या कॉफीच्या मळ्यावरून ठेवलेलं.

खुराड्यातला स्टुडिओ

डिसेंबर १८६३. चार्ल्स मळ्यांची व्यवस्था बघायला सिलोनला गेलेला. मुलं मोठी झालेली. आईला एकटं वाटू नये, मन रमावं म्हणून मुलगी आणि जावयानं तिला एक कॅमेरा भेट दिला. लाकडी, जड, भलाथोरला.

ज्युलियानं कोळशाच्या खोलीची डार्करूम केली. कोंबड्यांचं काचेचं खुराडं रिकामं करून त्याचा स्टुडिओ केला. शिकवणारं कुणी नाही. कॅमेरा कुठं ठेवायचा आणि समोरच्या माणसावर फोकस कसा करायचा, इथपासून अडाणी.

त्या काळी फोटो काढणं म्हणजे काय, तेही बघा. काचेच्या प्लेटवर कलोडियन नावाचं चिकट द्रावण एकसारखं ओतायचं. ती सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची. ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात सरकवायची. लेन्सचं झाकण काढायचं आणि वाट बघायची. ज्युलियाच्या बाबतीत ही वाट कित्येकदा काही मिनिटांची असायची. समोरच्यानं तेवढा वेळ हलायचं नाही. मग पळत डार्करूममध्ये जायचं आणि प्लेट वाळायच्या आत डेव्हलप करायची. यात एकही पायरी चुकली की सगळं मुसळ केरात!

तिचं पहिलं मॉडेल गावातला एक शेतकरी. ताशी अर्धा क्राउन देऊन बसवलेला. फोटो आला. आनंदाच्या भरात बाईंचा हात प्लेटच्या ओल्या बाजूवरून फिरला आणि शेतकरी पुसला गेला. नंतर दोन मुलांना बसवलं. ऐन वेळी एकाला हसू फुटलं, आणखी एक प्लेट वाया.

मग तिनं एकाच मुलीला घेतलं. नाव ॲनी फिलपॉट. रसायनं किती महाग असतात, एक प्लेट वाया गेली तर किती नुकसान होतं, हे तिला नीट समजावलं. पोरगी हलली नाही. जानेवारी १८६४ च्या अखेरीचा तो दिवस. ज्युलियानं त्याच दिवशी प्रिंट काढली, फ्रेम केली आणि संध्याकाळपर्यंत मुलीच्या वडिलांच्या हातात दिली. आपला पहिला यशस्वी फोटो म्हणून तिनं ॲनीचंच नाव शेवटपर्यंत सांगितलं. कॅमेरा मिळून जेमतेम महिना झाला होता.

टीका आणि टोमणे

त्याच वर्षी ती फोटोग्राफिक सोसायटीची सदस्य झाली, प्रदर्शनांना फोटो पाठवू लागली आणि झोडपली जाऊ लागली. त्या काळातल्या चांगल्या फोटोची व्याख्या सोपी होती. कोटाच्या गुंड्या मोजता आल्या पाहिजेत, दाढीचा केस न् केस दिसला पाहिजे. ज्युलियाच्या फोटोत नाकाच्या टोकाशी धूसर, कानाशी धूसर, कधी अख्खा चेहराच धुक्यातून आल्यासारखा. वर बोटांचे ठसे, ओरखडे, द्रावणाचे ओघळ. सोसायटीच्या नियतकालिकानं १८६५ मध्ये लिहिलं त्याचा आशय असा, की बाईंच्या धाडसाचं कौतुक आहे, पण फोटोग्राफीचे म्हणून जे गुण असतात त्या सगळ्यांचा बळी देऊन हे धाडस केलंय.

'ॲलिस'चा लेखक लुईस कॅरोल हाही त्या काळातला चांगला पोर्ट्रेट फोटोग्राफर. १८६४ च्या उन्हाळ्यात दोघांनी एकमेकांचे फोटो पाहिले. कॅरोलला त्यातले काही सुंदर वाटले, काही चक्क भयानक. तुमची मॉडेल्स मला मिळाली तर मी त्यांना आउट ऑफ फोकस काढीन, असं ज्युलिया म्हणाली. यावर कॅरोलचा टोला असा, की तुमची मला मिळाली तर मी त्यांना फोकसमध्ये काढीन!

गंमत म्हणजे त्याच फोटोंना बर्लिनमध्ये १८६५ साली ब्राँझ आणि १८६६ साली सुवर्णपदक मिळालं. आता खरं कुणाचं मानायचं?

चूक की निवड?

ज्युलियाचा खरा धडा इथं आहे. सुरुवातीचे धूसर फोटो योगायोगानं आले, हे तिनं पुढं आत्मकथनात स्वतःच लिहून ठेवलंय. कारणंही सरळ होती. प्लेट मोठी, लेन्स लांब, चेहरा जवळ. अशा वेळी डेप्थ ऑफ फील्ड इतकी कमी असते, की डोळे फोकसमध्ये आले तर कान जातात. त्यात मिनिटामिनिटांचं एक्स्पोजर. माणूस श्वास तर घेणारच.

पण पुढं तिनं जे केलं ते योगायोगानं होत नसतं. काळ्या कापडाखाली डोकं घालून, काचेवरची उलटी प्रतिमा बघत ती लेन्स फिरवत जायची आणि चेहरा डोळ्यांना सुंदर दिसू लागला की तिथंच थांबायची. बाकीचे फोटोग्राफर आणखी पुढं, कडक फोकसपर्यंत जात. ती जात नसे. एकदा चुकून घडलेली गोष्ट तिनं ओळखली, पारखली आणि नंतर ठरवून पुन्हा पुन्हा केली.

म्हणून ती कुणाचंच ऐकत नव्हती असं समजू नका. चित्रकार जी. एफ. वॉट्स तिचे मित्र. प्रकाश कुठून यावा, मान किती वळावी, यावर ते तिला मोकळेपणानं मत देत. छान माउंट केलेल्या महागड्या प्रिंट पाठवू नका, बिघडलेल्या पाठवा, त्यावरूनही मला तेवढंच कळेल, असं त्यांनी तिला कळवलं होतं. तीही डागाळलेल्या, फसलेल्या प्रिंट त्यांना पाठवायची. फक्त बेस्ट फोटो दाखवून वाहवा गोळा करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. हर्शेल यांचंही मत तिला मोलाचं होतं. तिचं एक पोर्ट्रेट बघून त्यांनी कळवलं, की हे डोकं कागदातून बाहेर हवेत आल्यासारखं वाटतं.

फ्रेममध्ये चेहराच

हा परिणाम फोकसइतकाच तिच्या कंपोझिशनमधून आला होता. १८६६ मध्ये तिनं आणखी मोठा, १५ बाय १२ इंचांच्या प्लेटचा कॅमेरा घेतला आणि जवळजवळ खऱ्या आकाराचे चेहरे काढायला सुरुवात केली. त्या काळच्या स्टुडिओत माणूस खांबाला टेकून, पडदा आणि कुंडीसकट, नखशिखांत उभा असे. ज्युलियानं हे सगळं फ्रेमबाहेर काढलं. मागं गडद पार्श्वभूमी. अंगावर काळं वस्त्र, म्हणजे कॉलर आणि गुंड्यांकडे लक्ष जायला नको. एका बाजूनं येणारा उजेड. उरतो तो चेहरा.

१८६७ मध्ये ती कॅमेरा घेऊन थेट हर्शेल यांच्या घरी गेली. त्यांना केस धुवून विस्कटायला लावलं, असं सांगतात. काळोखातून उजळलेलं पांढऱ्या केसांचं ते डोकं आजही फोटोग्राफीच्या पुस्तकांत असतं. त्याच वर्षी तिनं लेखक थॉमस कार्लाइल आणि भाची ज्युलिया जॅक्सन यांना टिपलं. ही भाची म्हणजे पुढं व्हर्जिनिया वुल्फची आई. १८६८ मध्ये चार्ल्स डार्विन फ्रेशवॉटरला आला. आपल्या सगळ्या फोटोंमध्ये त्याला तिनं काढलेलाच सर्वांत आवडला. बड्या लोकांइतक्याच निगुतीनं तिनं घरातल्या मोलकरणींनाही काढलं. मेरी हिलियर तिच्या कित्येक फोटोंत मेरीमाता झाली. मेरी रायन ही लंडनजवळ भीक मागताना सापडलेली, घरात वाढवलेली मुलगी. प्रदर्शनात तिचा फोटो बघून एक तरुण प्रेमात पडला आणि १८६७ मध्ये त्यानं तिच्याशी लग्न केलं. तो हेन्री कॉटन. पुढं १९०४ साली मुंबईत भरलेल्या काँग्रेस अधिवेशनाचा अध्यक्ष तोच!

भेगा पडल्या तेव्हा

पण सगळ्याच टीकेला 'माझी स्टाइल' म्हणून उडवून लावता येत नाही. ज्युलियाला हे महागात पडून कळलं. कॉफीच्या मळ्यांतून पैसा येईनासा झाला होता आणि प्रिंट विकून हातभार लावायची तिची धडपड चालू होती. लंडनच्या नामांकित आर्ट गॅलरीतून ती फोटो विकायची, पाचशेहून जास्त फोटोंच्या कॉपीराइटची तिनं नोंदणी केली होती. नेमक्या अशा वेळी तिच्या आवडत्या कित्येक निगेटिव्हवरच्या थराला जाळीसारख्या भेगा पडू लागल्या. निगेटिव्ह गेली की त्या चेहऱ्याची नवी प्रिंट निघणं बंद.

१८६९ मध्ये ती त्या निगेटिव्ह घेऊन फोटोग्राफिक सोसायटीच्या बैठकीला गेली. ज्यांनी पाच वर्षं नावं ठेवली, त्यांच्याचपुढं. काही सदस्यांचं मत पडलं, की फिक्स केल्यावर प्लेट पुरेशी धुतली जात नाही. तिचा स्वतःचा संशय रसायनांवर आणि समुद्राकाठच्या दमट हवेवर होता. दोष कुणाचाही असो, धूसर फोकस तिनं निवडला होता, भेगा निवडल्या नव्हत्या. सौंदर्याच्या वादात ती एक इंच हलली नाही. कारागिरीच्या प्रश्नात मात्र मान खाली घालून विचारायला गेली. उशिरा गेली, हे खरं.

१८७५ मध्ये कॅमेरॉन पती-पत्नी सिलोनला परतले. तिथं तिनं मळ्यावरच्या मजुरांचे आणि गावकऱ्यांचे थोडे फोटो काढले. २६ जानेवारी १८७९ रोजी तिचा तिथंच मृत्यू झाला. कॅमेरा हातात येऊन पंधरा-सोळा वर्षंच झाली होती. एवढ्यात काढलेल्या बाराशेच्या आसपास फोटोंची आज नोंद आहे.

आता हातातला मोबाइल स्वतःच डोळे शोधतो, बॅकग्राउंडही ब्लर करून देतो. प्लेट फुटत नाही, रसायन सांडत नाही. तरी पुढच्या वेळी कुणी फोकस गेलाय म्हणालं, तर फोटो पुन्हा एकदा नीट बघा. तो कुठं थांबवायचा हे तुम्ही ठरवलं होतं का? तसाच फोटो उद्या पुन्हा काढता येईल का? दोन्हीचं उत्तर 'हो' असेल तर खुशाल वाद घाला. 'नाही' असेल तर समोरच्याचं ऐका, आणि त्याच माणसाला पुन्हा एकदा समोर बसवा.