विश्लेषण : एक किलोमीटरच्या आत दोन कसोटी मैदाने कशी? ज्यांच्या नावाने स्टेडियम, ते शेषराव वानखेडे कोण होते?

आयपीएलच्या मोसमात ‘वानखेडे’ हे नाव रोज कानावर पडते. मात्र ते कोणाचे, हे अनेकांना ठाऊक नसते. वानखेडे नावाजलेले क्रिकेटपटू नव्हते आणि मुंबईकरही नव्हते. तरीही दक्षिण मुंबईच्या क्रीडानगरीचा नकाशा त्यांनी बदलला. तो कसा?

चर्चगेट परिसराला क्रीडानगरी का म्हणायचे?

चर्चगेट ते मरीन लाइन्स या छोट्याशा पट्ट्यात मैदानांची दाटी आहे. रुळांच्या पूर्वेला ओव्हल, क्रॉस मैदान आणि आझाद मैदान. समुद्राच्या बाजूला हिंदू, इस्लाम आणि पारशी जिमखाने. चर्चगेट स्थानकाजवळ हॉकी स्टेडियम. भारतातील पहिली कसोटी डिसेंबर १९३३ मध्ये याच भागातील बॉम्बे जिमखान्यावर झाली.

त्याच वर्षी स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने (सीसीआय) भराव टाकून मिळवलेल्या जमिनीवर ब्रेबॉर्न स्टेडियम उभारले. ते १९३७ मध्ये सुरू झाले आणि तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांचे नाव त्याला मिळाले. पुढची अनेक वर्षे मुंबईतील मोठे क्रिकेट म्हणजे ब्रेबॉर्न, हे समीकरण होते.

शेषराव वानखेडे कोण होते?

शेषराव कृष्णराव वानखेडे यांचा जन्म २४ सप्टेंबर १९१४ चा. विदर्भातील हे काँग्रेसचे नेते बॅरिस्टर म्हणूनच ओळखले जात. नागपूर महापालिकेचे ते पहिले महापौर. महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर त्यांचे राजकारण मुंबईत रुजले. वसंतराव नाईक यांच्या मंत्रिमंडळात त्यांनी अर्थखाते सांभाळले. १९७२ ते १९७७ या काळात ते विधानसभेचे अध्यक्ष होते.

क्रिकेट प्रशासनातही त्यांचा दबदबा होता. बॉम्बे क्रिकेट असोसिएशनचे (बीसीए, आजचे एमसीए) अध्यक्षपद त्यांच्याकडे होते. म्हणजे राज्याच्या तिजोरीचा अनुभव, सभागृहाचे सर्वोच्च पद आणि शहरातील क्रिकेटची सूत्रे एकाच माणसाकडे होती. पुढची घडामोड समजून घेताना हे लक्षात ठेवायला हवे.

वाद नेमका कशाचा होता?

मुंबईच्या संघाने १९५८-५९ ते १९७२-७३ अशी सलग १५ वर्षे रणजी करंडक जिंकला. पण या संघाच्या संघटनेकडे कसोटी भरवता येईल असे स्वतःचे स्टेडियम नव्हते. ब्रेबॉर्न सीसीआय या खासगी क्लबच्या मालकीचे होते. सामना भरवायचा बीसीएने, मैदान मात्र क्लबचे, अशी व्यवस्था होती.

यातून खटके उडाले ते तिकिटांच्या वाटपावरून. क्लबला आपल्या सदस्यांसाठी जागा हव्या होत्या. बीसीएला आपल्याशी संलग्न शेकडो क्लब, माजी खेळाडू आणि सामान्य प्रेक्षकांसाठी वाढीव कोटा हवा होता. त्या वेळी सीसीआयची सूत्रे विजय मर्चंट यांच्याकडे होती. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ७१ हून अधिक सरासरी असलेला हा फलंदाज मुंबईचे दैवतच होता.

आणखी एक किस्सा क्रिकेट वर्तुळात आजही सांगितला जातो. आमदारांच्या एका प्रदर्शनीय सामन्यासाठी ब्रेबॉर्न मिळावे म्हणून वानखेडे मर्चंट यांच्याकडे गेले. तेथे नकार मिळाला आणि त्या बैठकीनंतर स्वतःचे स्टेडियम बांधण्याचा त्यांचा निश्चय पक्का झाला, असा हा किस्सा. दुखावलेला मान हे कारण होतेच, पण तिकिटांचा प्रश्न त्याआधीपासून धुमसत होता.

१३ महिन्यांत स्टेडियम कसे उभे राहिले?

जागा निवडली ती चर्चगेट आणि मरीन लाइन्स स्थानकांदरम्यान, पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागून. जमीन राज्य सरकारची, भाडेपट्ट्यावर घेतलेली. आराखडा वास्तुविशारद शशी प्रभू यांनी केला. सुमारे १३ महिन्यांत काँक्रीटचे स्टँड उभे राहिले. एका बाजूला रूळ आणि उरलेल्या बाजूंनी इमारती असल्याने पसरायला वाव नव्हता. त्यामुळे ब्रेबॉर्नचा ऐसपैसपणा येथे कधीच आला नाही. मात्र प्रेक्षकसंख्या मोठी होती आणि लोकलमधून उतरून थेट चालत जाता येत होते.

स्टेडियमला नाव मिळाले ते वानखेडे यांचेच, तेही ते हयात आणि पदावर असताना. यावर तेव्हाही भुवया उंचावल्या आणि आजही हा मुद्दा निघतो.

पहिल्याच कसोटीत काय घडले?

जानेवारी १९७५ मध्ये वेस्ट इंडिजविरुद्धच्या मालिकेतील निर्णायक कसोटी येथे झाली. क्लाइव्ह लॉइड यांनी नाबाद २४२ धावा केल्या. दुसऱ्या दिवशी त्यांचे अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका चाहत्याला पोलिसांनी मारहाण केली. त्यावरून प्रेक्षक भडकले आणि खेळ थांबवावा लागला. भारताने हा सामना २०१ धावांनी गमावला. मन्सूर अली खान पतौडी यांची ती शेवटची कसोटी ठरली.

ब्रेबॉर्नवर त्याआधीची कसोटी फेब्रुवारी १९७३ मध्ये इंग्लंडविरुद्ध झाली होती. त्यानंतर तेथे कसोटी परतायला डिसेंबर २००९ उजाडले. एका वादाची किंमत या देखण्या मैदानाने जवळपास ३७ वर्षे मोजली.

वानखेडे यांचे पुढे काय झाले?

१९८० ते १९८२ या काळात ते बीसीसीआयचे अध्यक्ष होते. त्यांच्यानंतर हे पद नागपूरच्याच एन. के. पी. साळवे यांच्याकडे गेले. ५ नोव्हेंबर १९८७ रोजी वानखेडेवर विश्वचषकाचा उपांत्य सामना झाला आणि त्यात इंग्लंडने भारताला हरवले. तीन महिन्यांच्या आतच, ३० जानेवारी १९८८ रोजी शेषराव वानखेडे यांचे निधन झाले.

मग या भांडणातून काय साधले?

मुंबईच्या क्रिकेट संघटनेला हक्काचे घर मिळाले, हे नक्की. पूर्वी ब्रेबॉर्नमध्ये असलेले बीसीसीआयचे मुख्यालयही आता वानखेडेच्या आवारात आहे. २ एप्रिल २०११ चा विश्वविजय याच मैदानावरचा. ३१ ऑक्टोबर २०१४ रोजी देवेंद्र फडणवीस यांचा मुख्यमंत्रीपदाचा शपथविधीही येथेच झाला. विधानसभा अध्यक्षाच्या नावाच्या मैदानावर सरकार स्थापन होण्याचा हा योग अनेकांच्या लक्षातही आला नाही.

ज्या प्रश्नातून स्टेडियम उभे राहिले, तो मात्र सुटलेला नाही. २०११ च्या नूतनीकरणानंतर आसनक्षमता सुमारे ३३ हजारांवर आली. मोठ्या सामन्याला त्यातील बराच वाटा क्लब, सदस्य आणि मानकऱ्यांना जातो. सामान्य चाहत्याला तिकीट मिळत नाही, ही तक्रार आता ब्रेबॉर्नऐवजी वानखेडेबद्दल होते.

आणि ज्यांच्याशी झालेल्या मतभेदांतून हे मैदान जन्माला आले, त्या विजय मर्चंट यांच्या नावाचाही एक स्टँड आज वानखेडेवर आहे.