अल-मुअय्यद अल-शिराझी : मंत्री विस्मरणात गेला, शिक्षक उरला



राजे आणि सेनापती आपण मुलांना पुष्कळ सांगतो. आज ओळख करून घेऊया एका विद्वानाची.

अल-मुअय्यद फिद्दीन यांचा जन्म साधारण इ.स. १००० च्या सुमारास इराणमधल्या शिराझ शहरात झाला. वडील इस्माइली पंथाचे 'दाई' होते. दाई म्हणजे बोलावणारा, धर्माचा प्रचार करणारा. पुढे तेच काम मुलाकडे आलं. तिथला राजा अबू कालीजार आधी त्यांच्यावर नाराज होता. पण मुअय्यद यांनी दरबारातल्या पंडितांशी अशी चर्चा केली, की राजाच त्यांच्याकडे शिकायला बसू लागला! हे बगदादच्या खलिफाला खपलं नाही. शेवटी त्यांना मायभूमी सोडावी लागली.

ते कैरोला आले. तिथे फातिमी खलिफा अल-मुस्तनसिर यांचं राज्य होतं. इस्माइलींचे इमामही तेच. पण दरबाऱ्यांनी मुअय्यद यांना भेटीसाठी बराच काळ ताटकळत ठेवलं. नंतर मात्र राज्याच्या पत्रव्यवहार खात्याचे ते प्रमुख झाले.

१०५५ मध्ये सेल्जुक तुर्क बगदादमध्ये शिरले. त्यांच्याविरुद्ध लढणाऱ्या बसासिरी या सेनापतीला पैसा आणि शस्त्रं पोहोचवायला मुअय्यद स्वतः सीरियात गेले. १०५८ च्या अखेरीस बगदाद बसासिरीच्या हाती आलं. पण कैरोची मदत थांबली आणि वर्षभरातच सगळं हातचं गेलं.

मग राहिलं काय? तर त्यांचं शिकवणं. १०५८ मध्येच ते मुख्य दाई झाले होते. त्यांची एकूण ८०० व्याख्यानं ग्रंथरूपात जपली गेली. फारसी कवी नासिर खुस्रो त्यांना गुरू मानत. येमेनहून आलेले काझी लमक जवळपास पाच वर्षं त्यांच्याजवळ राहून शिकले आणि ती विद्या येमेनला घेऊन गेले. तिथून ती गुजरातमध्ये आली. आपल्या मुंबई-पुण्यातला दाऊदी बोहरा समाज हीच परंपरा मानतो.

१०७८ मध्ये कैरोत त्यांचं निधन झालं. जिथे राहून शिकवलं, त्या 'दारुल इल्म' म्हणजे विद्येच्या घरातच त्यांना दफन केलं.

वर्गात एवढं करून बघा. फळ्यावर दोन आकडे लिहा : बगदादचा विजय १ वर्ष, व्याख्यानं ९०० वर्षांहून जास्त. आणि मुलांना विचारा, यांचं मोठं काम कोणतं? उत्तर तुम्ही सांगू नका, मुलांनाच शोधू द्या.