दामोदर धर्मानंद कोसंबी

दामोदर धर्मानंद कोसंबी (जन्म : ३१ जुलै १९०७, मृत्यू : २९ जून १९६६) हे भारतीय गणितज्ञ, संख्याशास्त्रज्ञ, नाणकशास्त्राचे अभ्यासक व इतिहासकार होते. इतिहासाच्या मार्क्सवादी मांडणीसाठी ते विशेष परिचित आहेत. त्यांच्या गणिती निबंधांना मिळालेला प्रतिसाद मात्र नियतकालिकाचा प्रसार आणि संशोधनाचे श्रेय यांचा संबंध दाखवणारा आहे.

जीवन

कोसंबींचा जन्म गोव्यात झाला. बौद्ध विद्येचे अभ्यासक धर्मानंद कोसंबी हे त्यांचे वडील. १९२९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाची पदवी घेऊन ते भारतात परतले. बनारस व अलीगढ येथे अध्यापन केल्यावर १९४५ पर्यंत ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात होते. त्यानंतर होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले.

गणिती लेखन

१९३१ मध्ये आंद्रे वेय यांच्या सूचनेवरून कोसंबींनी एक निबंध लिहिला. त्यात बुर्बाकी नावाच्या काल्पनिक रशियन गणितज्ञाच्या प्रमेयाचा आधार घेतलेला होता. संयुक्त प्रांतातील विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात तो छापून आला. पुढे फ्रेंच गणितज्ञांच्या एका गटाने बुर्बाकी हेच सामूहिक टोपणनाव घेतले.

१९४३ मध्ये भारतीय गणित परिषदेच्या नियतकालिकात त्यांनी फलन-अवकाशातील संख्याशास्त्रावर निबंध प्रसिद्ध केला. यादृच्छिक प्रक्रियेचे परस्परलंब घटकांत विघटन करण्याची पद्धत त्यात होती. पुढील काही वर्षांत कारी कारहुनेन व मिशेल लोएव यांनी ती स्वतंत्रपणे मांडली आणि ती त्यांच्याच नावाने रूढ झाली. याउलट, याच सुमारास ब्रिटनमधील 'अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स'मध्ये आलेल्या निबंधातील सूत्र आनुवंशिकीत 'कोसंबी फलन' म्हणून स्थिरावले. गुणसूत्रावरील जनुकांमधील अंतर काढण्यासाठी ते वापरले जाते.

रीमान गृहीतक

१९५९ मध्ये भारतीय कृषी संख्याशास्त्र परिषदेच्या नियतकालिकातील एका निबंधात कोसंबींनी रीमान गृहीतकाच्या सिद्धतेचा दावा केला. ते नियतकालिक अंकशास्त्राचे नव्हते आणि हा दावा गणितज्ञांनी मान्य केला नाही. त्यामुळे त्यांच्या प्रतिष्ठेला धक्का बसला. १९६२ मध्ये टाटा संस्थेने त्यांच्या नेमणुकीची मुदत वाढवली नाही.

उद्धरणगणना आणि कोसंबी

१९५५ मध्ये यूजीन गारफील्ड यांनी विज्ञानविषयक उद्धरणसूचीची कल्पना मांडली. तिच्यातून पुढे नियतकालिकांचा 'इम्पॅक्ट फॅक्टर' आला. एखाद्या नियतकालिकाच्या मागील दोन वर्षांतील लेखांना चालू वर्षात सरासरी किती उद्धरणे मिळाली, हे तो दाखवतो. कोसंबींच्या १९४३ च्या निबंधाची दखल अनेक दशकांनी घेतली गेली. काही लेखक आता त्या पद्धतीस कोसंबी-कारहुनेन-लोएव असे नाव देतात. दोन वर्षांच्या हिशेबात अशी उशिरा आलेली दखल धरली जात नाही. तसेच मर्यादित प्रसाराच्या नियतकालिकांत त्यांचा एक मौलिक निबंध दुर्लक्षित राहिला, तर एक सदोष सिद्धताही छापली गेली. त्यामुळे नियतकालिकाच्या नावावरून त्यातील प्रत्येक निबंधाचे मोल ठरत नाही, हे त्यांच्या कार्यातून दिसते.

अखेरची वर्षे

१९६४ पासून ते पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीशी संलग्न होते. पुण्यातच त्यांचे निधन झाले.